ताब्याची पाच वर्षं संपण्याआधी: बडोद्यातल्या नव्या घराची तपासणी कशी करून घ्यावी

माझ्या मावसभावाने वाघोडिया रोडच्या पुढे एका स्कीममध्ये डुप्लेक्स घेतलं. चौथ्या पावसाळ्यात वरच्या बेडरूममधलं कपाट सरकवलं, तर मागची भिंत कमरेपर्यंत ओली आणि काळी पडलेली. त्याने सुपरवायझरला फोन केला. उत्तर आलं, “थई जशे, साहेब,” म्हणजे होऊन जाईल. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा फोन, पुन्हा “थई जशे”. घरात सिव्हिल इंजिनिअर मी एकटीच, म्हणून त्याने मला विचारलं. मी म्हटलं, “पाऊस संपू दे, भिंत वाळली की नीट बघू.” भिंत वाळली, दिवाळी झाली, आणि आम्ही पहिलं पत्र लिहिलं तेव्हा ताबा मिळाल्याला पाच वर्षं पूर्ण होऊन बारा दिवस उलटले होते. बिल्डरचं उत्तर दोन ओळींचं होतं: मुदतीत कोणतीही लेखी तक्रार मिळालेली नाही. गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि भिंत, सगळं मावसभावाने पदरचे पैसे घालून करून घेतलं. तो मला एका शब्दाने बोलला नाही. पण सल्ला माझा होता, आणि तो चुकीचा होता. आता कोणी विचारलं की मी जे सांगते, ते इथे सगळं लिहून काढते आहे.

पाच वर्षं म्हणजे नक्की काय

रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता (नियमन आणि विकास) कायदा, २०१६ चा. त्याच्या कलम १४ चं तिसरं पोटकलम आपल्या कामाचं आहे. घराच्या सांगाड्यात दोष निघाला, किंवा कारागिरीत, मालाच्या दर्जात, पुरवलेल्या सोयींत खोट निघाली, आणि ताबा दिल्याच्या तारखेपासून पाच वर्षांच्या आत ती प्रवर्तकाच्या, म्हणजे बिल्डरच्या नजरेस आणून दिली, तर त्याने ती ३० दिवसांत, एक पैसाही न घेता दुरुस्त करून द्यायची आहे. नाही केली तर घर घेणाऱ्याला नुकसानभरपाई मागता येते.

यातले “नजरेस आणून दिली” हे शब्द महत्त्वाचे. दोष पाच वर्षांच्या आत निर्माण झाला एवढं पुरत नाही. तो तुम्ही त्या मुदतीत बिल्डरला कळवला, हे दाखवता आलं पाहिजे. मावसभावाच्या भिंतीत पाणी चौथ्या वर्षापासून मुरत होतं, पण कागदावर ते कुठेच नव्हतं.

तारीख ताब्याची धरायची. दस्तावेजाची (खरेदीखताची) नाही, बी.यू. परमिशनची, म्हणजे इमारत वापरायच्या परवानगीचीही नाही. पझेशन लेटरवर असते ती. पण बडोद्यात बरेच जण फर्निचरच्या कामासाठी चावी आधीच घेतात आणि पत्र दोन महिन्यांनी मिळतं. बिल्डर पुढे चावीची तारीख पुढे करू शकतो. म्हणून हाती असलेल्या तारखांपैकी सगळ्यात आधीची धरा आणि तिच्यापासून पाच वर्षं मोजा. घर पहिल्या मालकाकडून विकत घेतलं असेल तर त्याला पहिल्यांदा ताबा मिळाला ती तारीख त्याच्याकडून मागून घ्या. कायद्यात ‘अलॉटी’ म्हणजे नंतर खरेदी करून हक्क मिळवणाराही येतो, मात्र घड्याळ नव्याने सुरू होईल या भरवशावर राहू नका.

बानाखतात, म्हणजे खरेदीआधीच्या करारात, कधी कधी वेगळी मुदत छापलेली असते. “एक वर्ष वॉरंटी” वगैरे. नळ, गीझर, पंप यांच्यापुरती ती कंपनीची वॉरंटी म्हणून ठीक आहे. बांधकामाच्या दोषांची पाच वर्षं कायद्याने दिलेली आहेत. बानाखतातल्या एका ओळीने ती कमी झाली असं समजून गप्प बसू नका.

आधी कॅलेंडर काढा

बहुतेक लोक इथेच चुकतात. “पाचवं वर्ष संपत आलं की तपासणी करू” हा विचार ऐकायला बरोबर वाटतो, पण घराचे दोष बाराही महिने दिसत नाहीत. बडोद्यात पाऊस साधारण जूनच्या उत्तरार्धात येतो आणि सप्टेंबरअखेर जातो. गळती तेव्हाच दिसते. भेगा मात्र एप्रिल-मे महिन्यांत सगळ्यात रुंद असतात. बडोद्याच्या बऱ्याच भागात खाली काळी चिकण माती आहे. ती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, आणि पाया पुरेसा खोल किंवा नीट नसेल तर वरचं घर तिच्याबरोबर हलतं. ऑगस्टमध्ये बंद झालेली भेग पाहून “मिटली” म्हणणारे मी खूप पाहिले आहेत.

म्हणून ताब्याच्या तारखेपासून उलटं मोजायचं. समजा ताबा १४ नोव्हेंबर २०२१ ला मिळाला. मुदत नोव्हेंबर २०२६ च्या मध्याला संपते. मग मे २०२६ मध्ये पहिली फेरी: भेगा, फरशा, वायरिंग, गच्चीचा उतार. जुलै-ऑगस्टमध्ये दुसरी फेरी: गळती आणि ओल. आणि सप्टेंबर संपण्याआधी पत्र बिल्डरच्या हातात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नवरात्र-दिवाळी येते, साइट ऑफिसं ओस पडतात, माणसं गावी जातात. पत्र तेव्हापर्यंत ठेवू नका.

पण ताबा ५ मे २०२२ ला मिळाला असेल तर? मुदत मे २०२७ ला संपते, म्हणजे तुमच्या हक्काचा शेवटचा पावसाळा २०२६ चा. मुदतीला अजून सात-आठ महिने आहेत असं वाटत असतानाच तो निघून जातो. ज्यांचा ताबा जानेवारी ते जून या काळातला आहे त्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं, कारण सगळ्यात जास्त हेच लोक फसतात. गुढीपाडव्याला किंवा अक्षय्य तृतीयेला गृहप्रवेश करायची आपली पद्धत, त्यामुळे मराठी घरांत असे ताबे पुष्कळ.

आणि खरं सांगायचं तर पाचव्या वर्षाची वाटच कशाला बघायची? पहिला पावसाळा संपला की एकदा, तिसरा संपला की एकदा, आणि शेवटचा हातात असताना एकदा कसून. जे दिसेल ते त्या त्या वेळी लेखी कळवायचं. मुदतीत कितीही वेळा कळवता येतं.

कागद आणि माणूस

तपासणीच्या आधी फाइल जमवा: बानाखत, दस्तावेज, पझेशन लेटर, बी.यू. परमिशन, मंजूर नकाशा, आणि बानाखताला जोडलेली स्पेसिफिकेशनची यादी. ही यादी लोक कधी उघडून बघत नाहीत. त्यात टाइल्स कोणत्या, दरवाजे कशाचे, वायर कोणत्या कंपनीची, प्लंबिंग कशाचं हे लिहिलेलं असतं. लिहिलेल्यापेक्षा हलका माल वापरला असेल तर तोही दोषच आहे. स्कीमचा रेरा नोंदणी क्रमांक टाकून गुजरेराच्या, म्हणजे गुजरातच्या रेरा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचे कागद बघता येतात.

तिथेच प्रवर्तकाचं नेमकं नाव बघून घ्या. आपल्याकडे बरेच बिल्डर प्रत्येक स्कीमसाठी वेगळी भागीदारी फर्म किंवा एल.एल.पी. काढतात. फलकावर ग्रुपचं मोठं नाव असतं, दस्तावेजावर मात्र भलतंच. पत्र दस्तावेजावरच्या नावाने गेलं पाहिजे, भागीदारांच्या नावांसकट.

वाळवीविरोधी प्रक्रिया आणि वॉटरप्रूफिंग यांची गॅरंटी कार्डंही मागा. ती बहुधा बाहेरच्या ठेकेदाराने बिल्डरला दिलेली असतात आणि त्याच्याच कपाटात पडून राहतात. त्यांची मुदत कधी कधी पाच वर्षांहून जास्त असते.

आता माणूस. स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअर किंवा घर तपासणारी संस्था नेमा, आणि त्याआधी तीन प्रश्न विचारा. या बिल्डरबरोबर कधी काम केलंय का? अहवालात प्रत्येक दोषाचा फोटो, जागा आणि कारण लिहून देणार का, सहीशिक्क्यासह? गरज पडली तर सुनावणीत अहवालाच्या बाजूने हजर राहाल का? नुसतं “सगळं ठीक आहे” किंवा “सगळं पाडा” म्हणणारा माणूस दोन्हीकडून निरुपयोगी.

यंत्रांबद्दल एक गोष्ट. हल्ली थर्मल कॅमेरा आणून लाल-निळे फोटो दाखवतात. तो उपयोगी आहे, पण तो तापमान दाखवतो, पाणी नाही. भिंत थंड का आहे हे ओलावा मोजणाऱ्या मीटरने आणि डोक्याने ठरवावं लागतं. काँक्रीटवर आपटून त्याची ताकद आजमावणारा रिबाउंड हॅमरही काँक्रीटच्या पृष्ठभागाचाच अंदाज देतो. सांगाड्याबद्दल गंभीर शंका असेल तर अल्ट्रासॉनिक चाचणी आणि प्रसंगी कोर काढून प्रयोगशाळेत तपासणं हाच मार्ग. प्रत्येक घराला हे लागत नाही. दहातल्या नऊ घरांत टॉर्च, पाण्याची बादली आणि लाकडी हातोडी यांनीच काम होतं, आणि इंजिनिअर येण्याआधी त्यातलं बरंच तुम्ही स्वतः करू शकता.

गच्ची आणि बाथरूम

माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त तक्रारी या दोन जागांवरून सुरू होतात, म्हणून सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

गच्चीवर आपल्याकडे बहुतेक चायना मोझेक, म्हणजे टाइलच्या तुकड्यांची फरशी असते. मे महिन्यात, उन्हं उतरल्यावर, तिच्यावर पाणी ओता आणि ते कुठे थांबतं ते बघा. पाण्याने आउटलेटकडे स्वतःहून गेलं पाहिजे. साधारण १०० सेंमीला १ सेंमी उतार असतो. अर्ध्या तासाने जिथे डबकं उरेल तिथे खडूने रेघ मारून फोटो काढा. मोझेकचे तुकडे सुटलेत का, सांध्यांत गवत उगवलंय का तेही बघा. मग पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) बुडाशी या. भिंत आणि स्लॅब जिथे मिळतात तिथे सिमेंटचा गोल वाटा असतो. त्याला आडवी भेग असली की पाणी तिथूनच आत शिरतं आणि थेट खालच्या खोलीच्या भिंतीत उतरतं. मावसभावाच्या घरी हेच झालं होतं. सगळे बेडरूमच्या बाहेरच्या रंगाला दोष देत होते, आणि खोट वर, वाट्यात होती.

खरी परीक्षा पाणी साठवून होते. आउटलेटला गोणपाट आणि चिकणमातीचा बोळा घट्ट बसवा, ३ ते ५ सेंमी पाणी भरा, भिंतीवर पातळीची पेन्सिलखूण करा आणि किमान २४, जमल्यास ४८ तास ठेवा. यापेक्षा जास्त भरू नका. ५ सेंमी पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ५० किलो वजन, उगाच स्लॅबवर भार नको. खालच्या खोल्यांचं छत भरण्याआधी, १२ तासांनी आणि शेवटी, असं तीनदा बघा आणि प्रत्येक वेळी फोटो काढा. फोटोत त्या दिवशीचं वर्तमानपत्र धरलं तर तारखेचा वाद राहत नाही. फ्लॅट असेल आणि गच्ची सगळ्यांची असेल, तर सोसायटीची लेखी परवानगी घेऊनच हे करा.

बाथरूमसाठी तीच रीत, लहान प्रमाणात. नहाणी ट्रॅप कापडाने बंद करा, उंबरठ्याच्या खाली राहील एवढं पाणी भरा, खूण करा, २४ तास थांबा. फ्लॅट असेल तर खालच्या काकूंना आधी सांगा आणि त्यांच्या बाथरूमच्या छताचा फोटो त्यांच्याकडूनच मागवून घ्या. गळती त्यांच्याकडे दिसणार आहे, तुमच्याकडे नाही. बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीवर, स्कर्टिंगच्या वर बोटभर जागेत रंगाचे पोपडे किंवा पांढरा खार दिसला तर सनक स्लॅबमध्ये, म्हणजे बाथरूमच्या फरशीखालच्या खोलगट स्लॅबमध्ये पाणी साठतंय असं समजा. खार खरवडून पुट्टी मारली की तो महिनाभर गप्प बसतो आणि पुन्हा फुटतो.

फ्लश टाकी गळते का हे बघायला टाकीत खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर वॉशर खराब आहे. रात्री सगळे नळ बंद करून गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची पातळी खुणेने बघा. सकाळी खाली गेली असेल तर भिंतीतली एखादी लाइन गळते आहे.

भेगा वाचायच्या कशा

भेग दिसली की माणूस घाबरतो, किंवा अजिबात लक्ष देत नाही. दोन्ही टाळा. प्लास्टरवरच्या जाळीसारख्या केसाएवढ्या बारीक भेगा बहुतेक वेळा प्लास्टर नीट न भिजवल्याच्या असतात. दिसायला वाईट, धोका नाही; पण कारागिरीचा दोष म्हणून यादीत लिहायच्याच. बीमच्या बरोबर खाली आडवी, किंवा कॉलमच्या कडेने उभी सरळ भेग म्हणजे काँक्रीट आणि वीट किंवा ब्लॉक जिथे जुळतात तिथे जाळी मारलेली नाही. हा दोष फार सर्वसाधारण आहे आणि दुरुस्तही होतो: पट्टा खोदून, जाळी बसवून, पुन्हा प्लास्टर करून.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, विटांच्या पायऱ्या चढत गेलेली भेग वेगळी. ती खोलीच्या आतून आणि बाहेरून एकाच जागी दिसत असेल आणि ३ मिमीहून रुंद असेल, तर पाया खचण्याचा संशय धरून स्ट्रक्चरल इंजिनिअरलाच दाखवा. तळमजल्याच्या बाहेरच्या कोपऱ्यांवर आणि ओट्याच्या सांध्यावर ही जास्त दिसते. आणि बीम, कॉलम किंवा स्लॅबवर सळईच्या रेषेत जाणारी भेग, तिच्याजवळ गंजाचा तांबडा डाग, हा सगळ्यात आधी कळवायचा दोष. पाच वर्षांच्या आत सळई गंजते आहे याचा अर्थ वरचं काँक्रीटचं आवरण कमी पडलं, किंवा पाणी सतत आत पोचतंय.

भेग वाढते का हे कसं कळणार? तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण करून तारीख लिहा. रुंदीसाठी भेगेवर काचेची पातळ पट्टी इपॉक्सीने दोन्हीकडे चिकटवून ठेवा. हालचाल झाली तर काच तडकते. एप्रिलमध्ये लावा, सप्टेंबरमध्ये बघा. बिल्डर म्हणाला “जुनी भेग आहे”, तर तारखा तुमच्या बाजूने बोलतात.

तुम्ही स्वतः काय बदललंय तेही प्रामाणिकपणे लिहून ठेवा. बीमला छिद्र पाडून एसीचा पाइप नेला, बाथरूम हलवलं, गच्चीवर दुसरी टाकी चढवली, बाल्कनी खोलीत घेतली, तर बिल्डर सगळा दोष त्यावर ढकलतो. मूळ स्थितीचे फोटो असतील तर ते शोधून काढा.

बाकीचं घर

फरशीवर लाकडी हातोडी किंवा जाड नाण्याने एकेक टाइल ठोका. भरीव टाइलचा आवाज बसका येतो, पोकळ टाइलचा ढोलासारखा पोकळ. पोकळ टाइल्सवर पेन्सिलने फुली करा आणि खोलीचा साधा नकाशा काढून त्यात खुणा करा.

स्लायडिंग खिडक्यांना पावसात भारी त्रास असतो. खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने पाणी जाण्याची छिद्रं असायला हवीत. ती बऱ्याचदा नसतात किंवा सिमेंटने बुजलेली असतात. मुसळधार पावसाची वाट बघायची नसेल तर बाहेरून पाइपने पाणी मारा. सुरुवात खालून करा आणि १०-१५ मिनिटं एका जागी थांबून वर सरका. आधीच वरून मारलं तर पाणी नेमकं कुठून आत आलं ते कळत नाही.

वायरिंग स्वतः उघडू नका. परवानाधारक वायरमन बोलवा आणि त्याच्याकडून चार गोष्टी लिहून घ्या: प्रत्येक थ्री-पिन सॉकेटला अर्थिंग आहे का, न्यूट्रल आणि अर्थमधला विजेचा दाब (व्होल्टेज) किती, एसी आणि गीझरच्या वायरची जाडी त्यांच्या एम.सी.बी.ला (जास्त वीज ओढली की आपोआप पडणाऱ्या स्विचला) साजेशी आहे का, आणि ३० मिलीअँपिअरचा आर.सी.सी.बी., म्हणजे विजेची गळती झाली की ती तोडणारा स्विच, बसवलाय का. त्याचं ‘टेस्ट’ बटण मात्र तुम्ही स्वतः दाबून बघा. वीज लगेच तुटली पाहिजे. मे महिन्यात सगळे एसी एकदम चालवून एम.सी.बी. तापतो का हेही बघून घ्या.

चौकटी, कपाटांच्या मागच्या बाजू, जिन्याखालची जागा इथे टॉर्च मारून वाळवीच्या मातीच्या नळ्या शोधा. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांचं सागवान वाळवीला पुरून उरायचं, ते आजच्या फ्लशडोअरला जमत नाही.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर पार्किंगचं छत, लिफ्टचा खड्डा, तळातली पाण्याची टाकी, विजेची मीटररूम आणि दोन इमारतींमधला सांधा एकत्र मिळून तपासा, आणि खर्च वाटून घ्या. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीचं पाणी ज्यांच्या आवारात शिरलं त्यांनी मीटर आणि पंप किती उंचीवर आहेत, गटाराचं पाणी उलटं घरात येऊ नये म्हणून व्हॉल्व्ह आहे का, हेही बघावं. पुराचा दोष बिल्डरचा नाही. पण मंजूर नकाशात जोतं जेवढं उंच दाखवलंय तेवढं प्रत्यक्षात नसेल, तर तो प्रश्न त्याला नक्की विचारता येतो.

पत्र

व्हॉट्सॲपवरचा फोटो आणि “भाई, जरा बघा ना” हे पुरेसं नाही. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, पोच मिळाल्याची नोंद छापून ठेवा, तेच पत्र ईमेलने पाठवा आणि मग व्हॉट्सॲपवर त्याची प्रत टाका. भाषा इंग्रजी किंवा गुजराती ठेवा, म्हणजे “समजलं नाही” म्हणायला वाव राहत नाही. मजकूर साधारण असा:

“आपल्या अमुक स्कीममधील घर क्रमांक अमुक, रेरा नोंदणी क्रमांक अमुक, याचा ताबा मला दिनांक अमुक रोजी मिळाला. सोबतच्या यादीतील १ ते २३ दोष मी रेरा कायदा, २०१६ च्या कलम १४(३) नुसार आपल्या नजरेस आणून देत आहे. प्रत्येक दोषाचे फोटो व इंजिनिअरचा अहवाल जोडला आहे. पाहणीसाठी अमुक तारखांना सकाळी १० ते १ या वेळेत घर उघडे ठेवीन. पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत दुरुस्ती विनामूल्य करून द्यावी. दुरुस्तीची पद्धत कामापूर्वी लेखी कळवावी.”

शेवटचं वाक्य वगळू नका. ते नसेल तर रंगारी येतो, पुट्टी मारतो आणि जातो. यादीत लक्षण आणि जागा दोन्ही लिहा: “वरच्या पश्चिम बेडरूममध्ये पश्चिम भिंतीवर फरशीपासून ९० सेंमीपर्यंत ओल, वर गच्चीच्या वाट्याला आडवी भेग.” नुसतं “भिंतीला ओल” लिहिलं तर दुरुस्तीही तेवढीच होते. पत्राआधी स्वतःहून दुरुस्ती करू नका. छताचा तुकडा पडायला आलाय अशी तातडी असेल, तर फोटो, व्हिडिओ आणि ईमेल आधी, कडिया (गवंडी) नंतर.

दुरुस्तीला माणसं आल्यावर

काम चालू असताना घरी थांबा आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. वॉटरप्रूफिंगचा थर वरून मोझेक बसल्यावर कोणाला दिसत नाही. काम झाल्यावर सुपरवायझर एक छापील कागद पुढे करतो: सर्व दोष समाधानकारकपणे दूर झाले. त्यावर तशीच सही करू नका. हाताने लिहा: “काम केले. पाण्याची चाचणी / पुढचा पावसाळा झाल्यावर खात्री करणार.” आणि मग सही, तारखेसह.

माझ्या धाकट्या जावेने भायलीच्या घरी नेमकं हेच केलं. पहिल्या दुरुस्तीनंतर पाणी पुन्हा आलं, तेव्हा बिल्डरला तिच्या जुन्या पत्राकडे परत यावंच लागलं, आणि दुसऱ्या वेळी त्याने पूर्ण वाटा तोडून नवा केला.

तीस दिवस गेले आणि काही झालं नाही, तर दोन वाटा आहेत. गुजरेराकडे ऑनलाइन तक्रार. त्यांचं कार्यालय गांधीनगरला आहे आणि नुकसानभरपाईची रक्कम ठरवणं कलम ७१ नुसार तिथल्या निर्णय अधिकाऱ्याचं काम. किंवा ग्राहक आयोग. घरासाठी दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात जाता येतं, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. रेरा आल्यामुळे ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. स्कीम फारच लहान असेल, म्हणजे जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा घरं आठपर्यंत, तर तिची रेराकडे नोंदणीच नसू शकते. अशा वेळी ग्राहक आयोगाचाच विचार आधी करा. कोणती वाट धरायची हे एका बैठकीत वकिलाकडून समजून घ्या, आणि त्या बैठकीला ताब्याचं पत्र, स्पीड पोस्टाची पोच, इंजिनिअरचा अहवाल आणि तारखांचे फोटो एकाच फाइलमध्ये, क्रमाने लावून घेऊन जा.